डुकरीण, स्क्रू आणि ‘ऑटोमॅटिक पिच’

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानांत ‘ऑटोमॅटिक पिच’ कधी आला, आणि पिचला मराठीत ‘पंख्याचा वेग’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ही ‘वेगा’ची चूक वाचून वाचून कंटाळा आलाय. पंख्याचा वेग म्हणजे मिनिटाला किती फेरे. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर किती पुढे सरकावा ते अंतर, आणि ते बदलतं पात्याचा मुळापाशी कोन बदलल्यावर. क्रिकेटचं पिच नि गाण्यातली पट्टी बाजूला ठेवू.

जर्मन माणसाला हा गोंधळ होतच नाही. प्रोपेलरला तो म्हणतो ‘लुफ्टश्राउबं’, म्हणजे हवेतला स्क्रू, आणि पिचला ‘श्टायगुंग’, म्हणजे चढ. स्क्रूच्या आट्यांना असतो तोच चढ. आता यातली खरी गंमत. इंग्रजी ‘स्क्रू’ जुन्या फ्रेंच ‘एस्क्रू’पाशी पोचतो, ‘श्राउबं’ही त्याच कुळातला असावा, आणि तिथून मागे गेलात की बहुधा लॅटिन ‘स्क्रोफा’ भेटते: डुकरीण! शेपटीचा पीळ आठवा. काही कोशकार नाक मुरडून ‘स्क्रोबिस’, म्हणजे खड्डा, हे मूळ पुढे करतात. खड्ड्याला पीळ कुठून आला, असं मात्र विचारावंसं वाटतं. शिवाय पोर्तुगीजमध्ये नटला आजही ‘पोर्का’ म्हणतात, आणि पोर्का म्हणजे डुकरीणच. पक्का पुरावा नव्हे, पण गंमत आहेच. आपलं मळसूत्र या मानाने फारच सोवळं. पिचला मात्र ‘चढ’ म्हणायला हरकत नाही.

तर मूळ प्रश्न. इथे दुसरी चूक: ‘बदलता चढ’ म्हणजे ‘स्वयंचलित’ नव्हे. मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या ई मालिकेत व्हीडीएम या जर्मन कंपनीचा प्रोपेलर होता. विजेची मोटर गिअरमधून पात्यांचा कोन बदलायची, पण बटण वैमानिकाच्या हातात. पॅनेलवर घड्याळासारखी तबकडी: उड्डाणाला काटा बाराच्या आसपास, म्हणजे चढ कमी, फेरे जास्त. विमानाने वेग घेतला की काटा अकराकडे, दहाकडे मागे न्यायचा. सूर मारताना चढ वाढवायला विसरलात तर फेरे मर्यादेबाहेर जाऊन इंजिनाची वाट लागते. उलट, जास्त चढावर उड्डाण करायला गेलात तर इंजिनाला पुरे फेरे गाठता येत नाहीत, धावपट्टी संपत येते आणि विमान उचलत नाही. शत्रू मागे असताना ही बटणं कोण सांभाळणार?

म्हणून ‘जर्मनांकडे १९३९ पासूनच ऑटोमॅटिक’ हे ठोकून दिलेलं विधान बरोबर नाही. फ्रेंचांच्या हाती १९३९ च्या नोव्हेंबरात लागलेलं आणि पुढे ब्रिटिशांनी इंग्लंडातल्या फार्नबरोला तपासलेलं मेसरश्मिट १०९ ई-३ हाताच्या बटणाचंच होतं. उलट ब्रिटिशांनी १९४० च्या जून ते ऑगस्टमध्ये स्पिटफायर आणि हरिकेन या आपल्या लढाऊ विमानांना घाईघाईने फेरे स्थिर ठेवणारे डी हॅविलंड प्रोपेलर बसवून घेतले. तिथे हव्या त्या फेऱ्यांवर लिव्हर ठेवायची, ते फेरे टिकवण्यासाठी चढ कमी-जास्त करायचं काम गव्हर्नर हे यंत्र सांभाळणार.

जर्मन उपाय वेगळा आणि जास्त नेटका. ई मालिका चालू असतानाच स्वयंचलित यंत्रणा येऊ लागली, आणि १९४१ मध्ये आघाडीवर पसरलेल्या एफ मालिकेत ती ठरलेलीच झाली. फेऱ्यांची वेगळी लिव्हर नाही. इंजिनाची ताकद ठरवणारा थ्रॉटल पुढे ढकलला की इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाबरोबर त्याला जुळणारे फेरेही ठरतात, आणि पात्यांचा कोन त्याप्रमाणे बदलतो. हाताचं बटण थ्रॉटलवर अंगठ्याखाली राहिलं, यंत्रणा बिघडली तर म्हणून. वीजच गेली तर मात्र पात्यांचा कोन आहे तिथेच अडकतो.

त्याच १९४१ मध्ये फोके-वुल्फ १९० हे दुसरं जर्मन लढाऊ विमान आलं. त्याच्या बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनावर ‘कोमांडोगेरेट’ होतं: चढ, इंधनाचं मिश्रण, दाब, ठिणगीची वेळ, सुपरचार्जरचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाचा) गिअर, सगळं एका लिव्हरवर. तेलाच्या दाबावर चालणारा यांत्रिक गणकच तो. आणि कृपा करून ‘कोमांडोगेरेट म्हणजे प्रोपेलरचं यंत्र’ असं लिहू नका. विमानवेधी तोफांना नेम पुरवणाऱ्या यंत्रालाही जर्मन हेच नाव देत. ‘कोमांडोगेरेट ४०’ दिसलं तर ते तोफखान्याचं, विमानाचं नव्हे.