अमेरिकेतली काही वर्तमानपत्रं परदेशी पैशावर चीनबद्दल लोकांचं मत फिरवतात, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की परदेशाशी लागेबांधे असलेली वर्तमानपत्रं अमेरिकेत चीनविषयी जनमत घडवायला बघतात हे खरं, की नुसती ओरड? आणि तिथे राहणाऱ्या कुणाच्या हातात असा पेपर कधी पडलाय का?

पडलाय. बऱ्याचदा पडलाय, आणि एकदा तर मी त्यात व्यवस्थित फसलोय. तिथूनच सुरुवात करतो.

मी मूळचा सोलापूरचा, आता बरीच वर्षं वॉशिंग्टनच्या शेजारी मेरिलंडमध्ये राहतो. २०१६ सालची गोष्ट. एका मित्राकडे गणपतीची आरती झाली, जेवणं झाली आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनवरून नेहमीचा वाद सुरू झाला. मी ठासून सांगितलं, ‘चीनने वीस हजार किलोमीटर हाय-स्पीड रेल्वे टाकून दाखवली, आणि आपण अजून जमिनीवर भांडतोय. परवाच वॉशिंग्टन पोस्टमध्ये वाचलं.’ मित्राची बायको तैवानची. ती शांतपणे म्हणाली, ‘कुठल्या पानावर?’ घरी येऊन रद्दी चाळली. लेख सापडला, पण पोस्टमध्ये नाही, पोस्टच्या पोटात घातलेल्या ‘चायना वॉच’ नावाच्या पुरवणीत. वरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा मजकूर चायना डेलीने तयार केलाय आणि पोस्टच्या संपादकीय विभागाचा त्याच्याशी संबंध नाही. तो अंक मी दोनदा वाचला होता. ती ओळ एकदाही दिसली नव्हती.

आकडा खोटा नव्हता, हे आधी सांगतो. चीनने त्या सुमारास खरोखरच वीस हजार किलोमीटरचा टप्पा गाठला होता. पण २०११ मध्ये वेन्झोऊजवळ दोन गाड्यांची टक्कर होऊन ४० माणसं गेली, रेल्वेवाल्यांनी अपघातग्रस्त डब्यांवर तिथेच माती लोटली आणि लोकांचा आरडाओरडा झाल्यावर ते पुन्हा उकरून काढले, हे त्या लेखात नव्हतं. आणि मी ते पोस्टच्या नावावर चारचौघांत खपवलं होतं. पुरवणीसाठी मोजलेले पैसे माझ्यापुरते तरी वसूल झाले.

चायना डेली हे १९८१ मध्ये बीजिंगहून सुरू झालेलं इंग्रजी दैनिक, चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाच्या देखरेखीखालचं. अमेरिकेत ते १९८३ पासून ‘फारा’ या कायद्याखाली परकीय हस्तक म्हणून नोंदलेलं आहे. हा कायदा १९३८ चा, मुळात नाझींच्या प्रचाराला आळा घालायला केलेला. त्यात बंदी वगैरे नाही. कुणासाठी काम करता, पैसे कुठून आले आणि कुठे गेले, हे दर सहा महिन्यांनी सरकारला लिहून द्यायचं, एवढंच. ते कागद कुणीही पाहू शकतं.

२०२० मध्ये चायना डेलीने असाच एक हिशोब दिला. नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकी वर्तमानपत्रांना जाहिराती आणि छपाईपोटी मिळून सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर दिले होते. त्यात वॉल स्ट्रीट जर्नलला जवळपास ६० लाख, वॉशिंग्टन पोस्टला ४६ लाखांहून जास्त. लंडनचा डेली टेलिग्राफही वर्षानुवर्षं हीच पुरवणी वाटत होता. आपल्याकडे ‘वाणिज्य प्रतिनिधी’च्या नावाने नव्या गृहप्रकल्पाचं कौतुक छापून येतं ना, त्याचाच हा थोरला भाऊ समजा. फरक इतकाच की इथे बिल्डरच्या जागी एक अख्खं राज्य आहे.

यातला सगळ्यात रंगलेला किस्सा आयोवाचा. आयोवा म्हणजे सोयाबीन आणि मका. लातूर-उस्मानाबादकडच्या लोकांना सोयाबीनच्या भावाचं राजकारण वेगळं समजावायला नको. २०१८ मध्ये ट्रम्पनी चिनी मालावर आयातशुल्क लावलं, चीनने उलट अमेरिकी सोयाबीनवर लावलं आणि आयोवाच्या शेतकऱ्याचा भाव पडला. नोव्हेंबरात मध्यावधी निवडणुका होत्या. सप्टेंबरातल्या एका रविवारी तिथल्या डी मॉइन रजिस्टर या दैनिकात चायना डेलीची चार पानं आली. एका लेखाचा मथळा साधारण असा: हा वाद म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मूर्खपणाचं फळ. बाजूला शी जिनपिंग यांच्या आयोवा भेटीच्या गोड आठवणी. त्या भेटीही खऱ्याच. १९८५ मध्ये शी हे एका चिनी तालुक्याचे अधिकारी म्हणून मस्कटीन या छोट्या गावात येऊन एका कुटुंबाकडे राहिले होते, आणि २०१२ मध्ये पुन्हा त्या लोकांना भेटायला आले होते.

ट्रम्पनी त्या पानाचा फोटो ट्विटरवर टाकला आणि बातमीसारखी दिसणारी ही प्रचाराची जाहिरात आहे म्हणून आदळआपट केली. ज्या पुरवणीकडे आयोवातल्या चार माणसांनी लक्ष दिलं नसतं ती जगभर पोचली. पण मला जास्त आवडलेला भाग पुढचा. चीनमधले तेव्हाचे अमेरिकी राजदूत टेरी ब्रॅनस्टॅड हे आयोवाचेच माजी गव्हर्नर. त्यांनी त्याच रजिस्टरमध्ये उत्तर लिहिलं की चीन आमच्या छापण्याच्या स्वातंत्र्याचा फायदा उठवतो, बीजिंगच्या पेपरच्या ठेल्यावर मात्र वेगळं मत औषधालाही सापडत नाही. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांनी स्वतःचा एक लेख पीपल्स डेली या चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राकडे पाठवला. पीपल्स डेलीने तो छापायला नकार दिला.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या प्रश्नात ‘परदेशाशी लागेबांधे’ असा शब्द आहे आणि तो बीजिंगपुरता नाही. करोनाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतल्या अनेक घरांच्या टपालपेटीत न मागता एक पेपर येऊन पडत होता, आमच्याही पडला: ‘द इपॉक टाइम्स’. कॅनडात त्याचा आठ पानी विशेष अंक वाटायला काही पोस्टमननी कुरकुर केली होती. चिनी कम्युनिस्ट पक्षाने जगाला कसं धोक्यात घातलं, असा त्याचा विषय. हे लोक विषाणूला करोना म्हणतच नाहीत, ‘सीसीपी व्हायरस’ म्हणतात (सीसीपी म्हणजे चिनी कम्युनिस्ट पक्ष).

हा पेपर फालुन गोंगच्या अनुयायांनी २००० मध्ये अमेरिकेतच, अटलांटात सुरू केला. फालुन गोंग म्हणजे श्वसन, ध्यान आणि गुरूची शिकवण असा पंथ. १९९९ मध्ये चीनने त्याच्यावर बंदी घातली आणि अनुयायांना तुरुंगात डांबलं. तो छळ खरा आहे, त्याविषयी मला शंका नाही. म्हणूनच सुरुवातीला मला या पेपरबद्दल सहानुभूती वाटायची. दुसरं कुणी छापत नव्हतं ते हे छापत होते. पण शत्रूचा शत्रू तो मित्र, हे धोरण त्यांनी फार लांब नेलं. २०१९ मध्ये त्यांनी सहा महिन्यांत फेसबुकवर ट्रम्पच्या बाजूच्या जाहिरातींवर १५ लाख डॉलरहून जास्त खर्च केल्याचं एनबीसी या अमेरिकी वाहिनीने उघड केलं. फेसबुकने त्यांच्या जाहिराती बंद केल्या. २०२४ मध्ये त्यांच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यावर सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलरच्या काळ्या पैशाच्या उलाढालीचा आरोप सरकारी वकिलांनी ठेवला. कुठल्याही परकीय सरकारचा हा पेपर नाही, पण त्याचं भांडण परदेशातलं आहे आणि ते तो इथल्या मतदाराच्या जिवावर लढतो.

अमेरिकन सरकारही काही धुतल्या तांदळासारखं नाही. २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की करोनाकाळात अमेरिकी लष्कराने खोट्या खात्यांवरून फिलिपिन्समध्ये चिनी लशीविरुद्ध प्रचार चालवला होता. फिलिपिन्समध्ये तेव्हा माणसं मरत होती आणि हाताशी आधी आलेली लस तीच होती. वर्तमानपत्रातल्या पुरवणीवर निदान बारीक अक्षरातली ओळ तरी असते. इथे तीही नव्हती.

पण खरा खेळ इंग्रजीत चालतच नाही, असं माझं मत झालंय. हे मला रॉकव्हिलच्या चिनी किराणा दुकानात कळलं, जिथे आम्ही कोथिंबीर आणि भेंडी आणायला जातो. दाराशी पेपरांचे स्टँड असायचे. माझ्या मित्राच्या बायकोने (तीच, ‘कुठल्या पानावर’वाली) एकदा मला तिथे उभं करून शिकवणीच घेतली. हा ‘वर्ल्ड जर्नल’, १९७६ पासूनचा, मालक तैवानचा समूह. हा ‘सिंग ताओ’, हाँगकाँगचा. २०२१ मध्ये याच्या अमेरिकी शाखेलाही परकीय हस्तक म्हणून नोंद करावी लागली. हा ‘छ्याओ पाओ’, बीजिंगच्या मर्जीतला. आणि हा फुकटचा, फालुन गोंगवाल्यांचा. ती म्हणाली, ‘पेपरचं नाव झाकून टाक. बीजिंगच्या सरकारला ते काय म्हणतात एवढं मला वाचू दे, पेपर कुणाचा ते सांगते.’ एक ‘चिनी सरकार’ म्हणतो, दुसरा ‘चिनी कम्युनिस्ट’ म्हणतो, तिसरा ‘मध्यवर्ती सरकार’ म्हणतो. शिवाय ४ जूनचा अंक बघायचा. १९८९ मध्ये त्या दिवशी बीजिंगच्या थ्येनआनमेन चौकातलं आंदोलन लष्कराने चिरडलं होतं. थ्येनआनमेनचा उल्लेख पहिल्या पानावर आहे, आतल्या पानावर आहे, की त्या दिवशी हवामानाची बातमी फारच मोठी झालीय.

तिचे सासू-सासरे महाराष्ट्रीय, त्यामुळे ती बोलता बोलता ‘बघ ना’ असं मराठीत म्हणते, आणि तिचे स्वतःचे आईवडील तैपेईत. २०१९ च्या जूनमध्ये तिची आई भर पावसात छत्री घेऊन ‘लाल माध्यमं नकोत’ (म्हणजे बीजिंगधार्जिणी माध्यमं नकोत) या मोर्चाला गेली होती. तैवानमधला ‘चायना टाइम्स’ हा जुना पेपर २००८ मध्ये वाँट वाँट या तांदळाच्या बिस्किटांच्या कंपनीच्या मालकाने विकत घेतला. त्या कंपनीचा बहुतेक धंदा चीनमध्ये. पेपर आणि त्याची वाहिनी बीजिंगच्या सूचना घेतात असा आरोप फायनान्शिअल टाइम्स या ब्रिटिश दैनिकाच्या बातमीतून झाला. कंपनीने तो फेटाळला, फायनान्शिअल टाइम्सवर दावाही लावला. २०२० मध्ये तैवानच्या नियामकाने त्या वाहिनीचा परवाना वाढवून दिला नाही. पुरवणी विकत घेण्यापेक्षा पेपरच घरचा असला की बारीक अक्षरातली ओळ छापायची वेळच येत नाही.

इंग्रजी वाचकांवर काय परिणाम झाला? प्यू या संस्थेच्या पाहणीत चीनबद्दल प्रतिकूल मत असलेले अमेरिकन २०१८ मध्ये ४७ टक्के होते, २०२० मध्ये ७३ आणि २०२३ मध्ये ८३. म्हणजे त्या १ कोटी ९० लाख डॉलरचं सोनं काही झालं नाही. हे सगळं इपॉक टाइम्सने केलं असंही मी म्हणणार नाही. व्यापारयुद्ध, हाँगकाँग, करोना एवढी कारणं समोर असताना पेपरला कशाला श्रेय द्यायचं? काही मोठ्या पेपरांनी २०२० च्या आसपास ती पुरवणी घेणं बंद केलं. टेलिग्राफने तर संकेतस्थळावरूनही काढली.

तुम्ही भारतात राहता, म्हणून थोडं तिकडचंही. गलवानमध्ये आपले २० जवान गेले त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तैवानच्या राष्ट्रीय दिनाच्या जाहिराती भारतीय वर्तमानपत्रांत आल्या. दिल्लीतल्या चिनी दूतावासाने पत्रकारांना पत्र पाठवून तैवानला देश म्हणू नका असं बजावलं. तैवानच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर चालते व्हा अशा भाषेत ट्वीट केलं. पुढच्या वर्षी १ जुलैला, चिनी पक्षाच्या शंभरीनिमित्त, ‘द हिंदू’त चिनी दूतावासाची पानभर जाहिरात आली आणि वाचकांनी पेपरला धारेवर धरलं. मला त्यात पेपरची फारशी चूक दिसली नाही. पानावर कुणाची जाहिरात ते स्पष्ट होतं.

सोलापूरकर म्हणून मला दुसरीच गोष्ट टोचते. चिनी नेते भारतात आले की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव हमखास घेतात. शी जिनपिंग यांनीही २०१४ मध्ये दिल्लीच्या भाषणात घेतलं. आमच्या गावचा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच बत्तिसाव्या वर्षी वारला. त्यातला शब्द न् शब्द खरा. ते नाव ऐकलं की आजही माझा ऊर भरून येतो, आणि लगेच मनात येतं की हे नाव कुणी, कुठल्या दिवशी, कशाच्या शेजारी मांडलंय ते बघावं. वीस हजार किलोमीटरचा आकडाही खराच होता.

शेवटी, तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर अमेरिकी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर फाराच्या नोंदी फुकट आहेत. वाचायला कंटाळवाण्या, पण कुठल्या पेपरला किती डॉलर, हे ओळीने लिहिलेलं असतं. भारतात तसं काही नाही. आपल्या परकीय देणगी कायद्यानुसार वर्तमानपत्राच्या मालक-संपादकाला परदेशातून देणगी घेता येत नाही. जाहिरात मात्र देणगी नसते, तो नेहमीचा व्यापार धरला जातो. त्यामुळे १ जुलैच्या त्या पानाचे किती रुपये झाले, हे तुम्ही-आम्ही कुठल्याही कार्यालयात जाऊन पाहू शकत नाही.