मुरगळणे, लचकणे, निखळणे आणि 'नुसता क्रॅक'

प्रश्न असा आहे: पाय मुरगळला, कंबर लचकली, खांदा निखळला, हाड मोडलं, यांत नेमका फरक काय? आणि डॉक्टर 'नुसता क्रॅक आहे' म्हणतात तेव्हा ते फ्रॅक्चर नसतं का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथल्या गैरसमजाने होतं. क्रॅक हे फ्रॅक्चरच. केसाएवढी चीर असो की पाच तुकडे, हाडाचा सलगपणा तुटला की तो अस्थिभंग. 'क्रॅक' म्हणताना डॉक्टरांना सहसा एवढंच सांगायचं असतं की हाड जागचं हललेलं नाही. ऐकणारा मात्र 'मोडलेलं नाही ना!' म्हणून प्लास्टर मुदतीआधी काढायला लावतो, पायावर भार देतो, आणि न हललेलं हाड हलतं.

'कंपाउंड फ्रॅक्चर'चंही असंच. त्याचा अर्थ हाडाचा चुरा झाला असा नाही. मोडलेल्या हाडापर्यंत जखम पोचली आहे, असा आहे. मराठीतला 'उघडा अस्थिभंग' हा शब्द मला त्याहून चांगला वाटतो, कारण धोका कशाचा ते त्यात कळतं: बाहेरचे जंतू हाडात जातात. जखम बोटाच्या पेराएवढी असली, हाड दिसत नसलं, तरी तो उघडाच. बाहेर आलेलं टोक आत ढकलायचं नाही. स्वच्छ कापडाने झाकायचं. अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू व्हायला हवं.

चुऱ्यासाठी सुश्रुताचा 'चूर्णित' हा नेमका शब्द आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातल्या १५व्या अध्यायात या इजांचे दोन गट आहेत: सांध्याच्या इजा, म्हणजे संधिमुक्त, ६ प्रकारच्या आणि हाड मोडण्याचे, म्हणजे कांडभग्नाचे, १२ प्रकार. त्यातला 'वक्र' म्हणजे वाकलेलं पण सुटं न झालेलं हाड. लहान मुलांत दिसणारं आजचं 'ग्रीनस्टिक' फ्रॅक्चर त्याच्या फार जवळचं.

आता क्रियापदं. निखळतो तो सांधा: हाडाचं टोक आपल्या जागेतून बाहेर येतं. खांदा निखळला की त्याची गोलाई जाऊन तिथे कोपरा दिसतो. तो ओढून 'बसवण्याचा' प्रयत्न घरी किंवा मैदानावर करू नये. सोबत हाडही मोडलेलं असू शकतं, आणि तिथून जाणारी नस ताणली गेली की दंडाचा वरचा बाहेरचा भाग बधिर होतो. म्हणून बसवण्याआधी एक्स-रे, आणि आधी व नंतर दोन्ही वेळा नाडी आणि स्पर्शाची तपासणी.

मुरगळतो तोही सांधाच, पण हाडं जागेवर राहतात आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, ताणतात किंवा फाटतात. लचकतो तो स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारी कंडरा. बोलताना 'पाय लचकला' सर्रास म्हणतात, त्यात गैर काही नाही; केसपेपरवर मात्र फरक ठेवावा. पाठ-कमरेचा स्नायू अचानक आखडला की उसण भरली. हाड-सांधा शाबूत आणि कातडी न फाटता आत रक्त साकळलं की मुका मार. यांपैकी काहीही झालं तरी पहिले दोन दिवस चोळायचं नाही, सूज वाढते.

'चालता येतंय, म्हणजे मुरगळलाच असणार' हा निष्कर्ष कच्चा आहे. घोट्यासाठी ओटावाचे नियम वापरतात: घोट्याच्या भागात दुखतंय आणि इजा झाल्यावर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरांत किंवा टोकावर, दाबून दुखलं, तर एक्स-रे काढायचा. मनगटाचं आणखी अवघड. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी स्कॅफॉइड हाड मोडलेलं असू शकतं. मनगट आधार देऊन स्थिर ठेवतात आणि १०-१४ दिवसांनी पुन्हा पाहतात.

खपची बांधताना मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडायचे. अंगठ्या-बांगड्या सूज चढण्याआधी काढायच्या. बांधल्यावर बोटं गार, निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सैल करायचं.

राहिला खुबा. म्हातारं माणूस घरात पडलं की घरचे 'खुबा निखळला' सांगतात. पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलेलं असेल, तर बहुधा मांडीच्या हाडाचा वरचा भाग मोडलेला असतो. १०८ वर फोन करताना निदान सांगण्यापेक्षा हेच सांगावं: पाय आखूड आहे, पाऊल बाहेर वळलंय, उठता येत नाही.