विद्युतऋणता आणि बंधाची ध्रुवीयता यांचा संबंध कसा असतो?

सहसंयुज बंधातील, म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली, इलेक्ट्रॉनांची जोडी स्वतःकडे ओढण्याची अणूची क्षमता म्हणजे विद्युतऋणता. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या श्रेणीनुसार ती हायड्रोजनची २.२०, कार्बनची २.५५ आणि ऑक्सिजनची ३.४४ मानली जाते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या विद्युतऋणतेतील फरक १.२४ असल्यामुळे जोडी ऑक्सिजनकडे सरकते, त्याच्यावर अंशतः ऋण व हायड्रोजनवर अंशतः धन प्रभार येतो (हीच बंधाची ध्रुवीयता), आणि हीच प्रभारित टोके शिरोड्याच्या मिठागरातील मिठाच्या खड्यातून सोडियम व क्लोराइड आयन (प्रभारित अणू) ओढून काढून वेढतात. मिठात हा फरक २.२३ असून बंध आयनिक, म्हणजे विरुद्ध प्रभारांच्या आयनांमधील आकर्षणाचा, असतो. याउलट आपल्या खोबरेल तेलाच्या लांब साखळ्यांतील कार्बन-हायड्रोजन बंधांत फरक जेमतेम ०.३५ असल्याने ते बंध जवळपास अध्रुवीय असतात, म्हणून तेल पाण्यात मिसळत नाही.

फरक १.७ च्या वर गेला की बंध आयनिक, हा पाठ्यपुस्तकातील नियम मात्र ढोबळच समजावा. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये तो १.७८ असूनही बंध ध्रुवीय सहसंयुजच असतो. शिवाय बंध ध्रुवीय असले तरी रेणू ध्रुवीय असेलच असे नाही, कारण कार्बन डायऑक्साइडसारख्या सरळ रेषेतील रेणूत दोन्ही बंधांची ओढ समान व विरुद्ध दिशेने असल्याने ती परस्परांना नाहीशी करते.