घर विकू नका ताई, जीन थेरपीला अजून वेळ आहे

ताई, तुमचा मुलगा नऊ वर्षांचा, हिमोफिलिया बी, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर नाइन हे प्रथिन कमी पडण्याचा आजार, तोही सिव्हिअर. परदेशात एकाच डोसात बरं करणारी जीन थेरपी आली आहे असं कळल्यावर तुम्ही डोंबिवलीचं घर विकायचं म्हणताय. मीही सिव्हिअरच, मुंबईत परळला फॅक्टरची इंजेक्शनं घेत वाढलो. म्हणून स्पष्ट सांगतो, घर विकू नका. औषध खरं आहे, पण ते प्रौढांसाठी आहे.

यात फॅक्टर नाइनचा जीन एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचात भरून शिरेतून देतात. तो यकृतात पोचला की तिथल्या पेशी फॅक्टर बनवू लागतात. मात्र हा जीन बहुतेक वेळा गुणसूत्रात मिसळत नाही. मुलाचं यकृत वाढत असतं, पेशी दुणावत जातात आणि जीन विरळ होत जातो. पुन्हा द्यावं म्हटलं, तर पहिल्याच डोसाने अंगात कवचाविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असतात. म्हणजे आजच्या घडीला ही संधी एकदाच मिळते. ती नवव्या वर्षी कशाला खर्च करायची?

इथवर पोचायलाही फार वर्षं लागली. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञ डॉ. कॅथरीन हाय यांनी हिमोफिलिया असलेल्या कुत्र्यांना हा जीन दिला, तेव्हा फॅक्टर वर्षानुवर्षं टिकला. माणसात मात्र तो नॉर्मलच्या दहा टक्क्यांच्या आसपास चढला आणि काही आठवड्यांत उतरला, वर यकृताचे एन्झाइम वाढले, म्हणजे यकृताला इजा होत होती. २००६ मध्ये त्यांच्या गटाने कारण मांडलं: शरीराच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशी, ते कवच ओळखून जीन घेतलेल्या यकृतपेशीच मारत असाव्यात. फसलेला प्रयोग त्यांनी झाकला नाही, मुळापर्यंत तपासला. माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. पुढे लंडनच्या डॉ. अमित नाथवानींच्या गटाने एन्झाइम वाढताच हा प्रतिकार दाबणारं स्टिरॉइड देऊन फॅक्टर टिकवला. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये हिमोफिलिया बीच्या पहिल्या जीन थेरपीला अमेरिकेत मंजुरी मिळाली. किंमत ३५ लाख डॉलर. डोंबिवलीच्या घरात ते बसणारही नाही.

वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) रुग्णालयाचं जीन थेरपीचं काम कुणीतरी तुम्हाला सांगेलच. पाच रुग्णांचे ते निकाल खरोखर उमेद देणारे आहेत, पण ते हिमोफिलिया एचे, ज्यात फॅक्टर एट कमी पडतो.

तोवर मुलाचे सांधे आणि यकृत सांभाळा. गुडघ्यात झिणझिण सुरू झाली असं तो म्हणाला की लगेच फॅक्टर द्या. सूज यायची, गुडघा गरम व्हायची वाट बघू नका. माझा डावा गुडघा अशा वाट बघण्यातच गेला. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करा. इनहिबिटरची, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणाऱ्या अँटीबॉडीची, तपासणी ठरल्या वेळी करा. दुखतं म्हणून ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका.

आणि त्याला बहीण असेल तर पुढच्या वेळी परळला याल तेव्हा तिच्या कॅरियर तपासणीचंही, म्हणजे हा सदोष जीन तिच्यातही आहे का याचंही, विचारा. ती करणारी इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था केईएम रुग्णालयाच्या आवारातच आहे.