ठरलेल्या दराने वीज विकणारी कंपनी घाऊक भाव भडकल्यावर तग कशी धरते?

ग्राहकाला दर कबूल केला की तेवढी वीज तेवढ्याच मुदतीसाठी वायदा करारातून, म्हणजे पुढच्या विजेचा भाव आजच ठरवणाऱ्या करारातून, आधीच बांधून घ्यायची, हाच मुख्य उपाय. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणं अजून महाग पडतं, म्हणून टंचाईत घाऊक भावाला धरबंद राहत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये तो मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेला भिडला आणि काही दिवस तिथेच राहिला.

पण खरी गोम भावापेक्षा मागणीच्या अंदाजात आहे. समजा १०० मेगावॉट बांधून घेतले आणि उकाड्याच्या संध्याकाळी मागणी १२० वर गेली. वरचे २० चालू भावाने घ्यावे लागतात, आणि भाव नेमका त्याच तासाला चढलेला असतो. अशा तासांसाठी ‘कॅप’ करार घ्यावा: आधी प्रीमियम भरायचा, भाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की वरचा फरक करार विकणारा देतो. प्रीमियम वाचवायचा मोह इथे अजिबात नको.

मात्र सगळीच वीज लांब मुदतीसाठी बांधू नका. भाव उतरले तर ग्राहक स्वस्त विक्रेत्याकडे जातात आणि महाग करार तुमच्या गळ्यात राहतात.