वाचकांचे प्रश्न: जिप्सीला रेसिंग कॅम टाकू का?

प्रश्न: माझी जुनी कार्ब्युरेटरवाली जिप्सी आहे, 1298 सीसी, 8 व्हॉल्व्हची. इंजिनचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवलंय. सीझनला आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाटातून कोल्हापूरला जाणं असतं. मित्र म्हणतो, खोललंच आहे तर रेसिंग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नि व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा टाक, पिकअप वाढेल. काय घेऊ?
– एक वाचक, देवगड

उत्तर: रेसिंग कॅम नको, अगदी मनापासून सांगतो. त्या कॅमवर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे कमी आरपीएमला पिस्टन वर येताना भरलेलं मिक्स्चर परत मॅनिफोल्डात, म्हणजे ते येतं त्या नळीत, ढकललं जातं, आणि तुम्हाला तर पेट्या लादून सेकंड गिअरवर चढताना नेमका तिथेच दम पाहिजे. फायदा मिळतो तो वरच्या आरपीएमला, घाटात तिथे तुम्ही जाणारच नाही.

स्प्रिंगा कॅमनुसार निवडायच्या. स्टॉक कॅमवर उगाच कडक घातल्या तर कॅम आणि रॉकर (कॅमवर चालून व्हॉल्व्ह दाबणारा तुकडा) झिजतात, हाती काही लागत नाही. तरीही थोडा जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅम घ्यायचाच असेल तर आधी मोजा. समजा स्प्रिंग बसल्यावर उंची 40 मिमी, पूर्ण दाबल्यावर 29 आणि लिफ्ट 9, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही स्प्रिंग दबायला 2 मिमी उरले, चालेल. 1 च्या खाली गेलं तर ती स्प्रिंग घेऊच नका. रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) खाली आल्यावर व्हॉल्व्हच्या ऑईल सीलला टेकत नाही ना, हेही बघा, हे बरेच जण विसरतात. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कळायला पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मऊ माती) लावून हेड टाइट करा, टायमिंग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून क्रँक हाताने 2 फेरे फिरवा, उघडून दबलेली जाडी मोजा. इनटेकला 2 मिमी, एक्झॉस्टला अडीच तरी हवेत. आणि नवीन कॅमवर जुने घासलेले रॉकर अजिबात बसवू नका, नवा कॅम खातात.

पैसे खरे घाला ते गाईड (व्हॉल्व्ह सरकतो ती नळी), सील आणि सीट (व्हॉल्व्ह बंद होऊन बसतो ती जागा) कटिंगवर. घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की निळा धूर येतो का? उतारावर थ्रॉटल बंद असतं, व्हॅक्यूम वाढतो आणि ढिल्या गाईड-सीलमधून ऑईल आत ओढलं जातं, म्हणून तो धूर. गाईड ढिलं असताना नुसतं सील बदललं तर महिन्या-दोन महिन्यात परत तेच. व्हॉल्व्ह लॅप केल्यावर, म्हणजे सीटवर घासून बसवल्यावर, पोर्टात पेट्रोल ओतून बघा, सीटकडून झिरपलं तर काम पुन्हा.

आपल्याकडची खाऱ्या हवेची गोष्ट वेगळीच. हेड शेडमध्ये उघडं पडलं असेल तर स्प्रिंगा पुसून भिंगाखाली बघा, गंजाचा बारीक खड्डा दिसला तरी ती बाद, कारण तुटते ती तिथूनच. नवीन आणाल त्याही बसवेपर्यंत ऑईल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.