सीमेवरच्या वाटा राखणाऱ्या नव्या स्वयंसेवकास

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

स्लोव्हेनियात शिकायला जाऊन वर्ष होत नाही तोच तू तिथल्या गिर्यारोहण मंडळाच्या वाटा राखणाऱ्या पथकात नाव नोंदवलेस, हे वाचून फार आनंद झाला. ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या कारावांके पर्वतरांगेच्या ज्या धारेवर तुम्ही या उन्हाळ्यात काम करणार आहात, तिथे मी स्वतः सात उन्हाळे काढले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची खूण म्हणजे लाल वर्तुळातला पांढरा ठिपका. स्लोव्हेनियन गिर्यारोहक आलोय्झ क्नाफेल्त्स यांनी ती १९२२ साली आणली आणि पुढे ती युगोस्लाव्हियाभर पसरली. ते राज्य फुटून वेगवेगळे देश झाले, तरी त्यांच्या डोंगरांत तीच खूण आजही दिसते. तुझ्या धारेच्या उत्तरेला मात्र ऑस्ट्रिया आहे आणि तिथे लाल-पांढरा-लाल पट्टा व त्यावर वाटेचा क्रमांक असतो. २,२३६ मीटर उंचीच्या ज्या शिखराला तुम्ही स्टोल म्हणता, त्यालाच पलीकडचे लोक होखश्टूल म्हणतात. अवघड वाट ओळखण्याची रीतही निराळी आहे: तुमच्या फलकावर त्रिकोण असेल तर वाट अवघड आणि त्रिकोणात उद्गारचिन्ह असेल तर अतिशय अवघड, तर ऑस्ट्रियात निळा, लाल आणि काळा हे रंग चढत्या क्रमाने अवघडपणा सांगतात. तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्याला तुमचा त्रिकोण कळेलच, असे गृहीत धरू नकोस. खिंडीतल्या फलकावर दोन्ही भाषांतली नावे असावीत, हा आग्रह मी शेवटपर्यंत धरला आणि तूही धरावास.

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती मी आजही विसरलेलो नाही. हातात ब्रश मिळाल्याच्या उत्साहात मी एका झाडीच्या उतारावर चढता चढता चाळीसेक खुणा काढल्या आणि त्या सगळ्या चढणाऱ्यालाच दिसतील अशा होत्या. आश्विनात धुके दाटलेले असताना त्याच उतारावरून खाली येऊ लागलो, तेव्हा प्रत्येक झाडाची कोरी बाजू माझ्याकडे होती आणि मी स्वतः आखलेली वाट मलाच सापडेना. तेव्हापासून मी प्रत्येक टप्पा दोनदा चालतो, एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना, आणि थकलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या माणसाची नजर वळेल तिथेच खूण काढतो. वाट फुटते तिथे फाट्यापूर्वी एक खूण हवीच, पण फाट्यानंतर थोड्याच अंतरावर दुसरी हवी, म्हणजे आपण बरोबर वळलो की नाही ही शंका मनात राहत नाही. जिथे वाट सरळ आणि स्पष्ट आहे तिथे मात्र हात आवरावा. खडक तारेच्या ब्रशने घासून कोरडा करून घे, झाडाची सुटी झालेली साल हळूच खरवड, पण जिवंत सालीला पाते लावू नकोस. आणि वाट बदलली असेल तर जुनी खूण खडकाच्या रंगाने झाकल्याशिवाय तिथून हलू नकोस.

रंगकामाची फार चर्चा होते, पण वाट खरी मोडते ती पाण्याने. सह्याद्रीत तू पाहिलेच आहेस की पावसाळ्यात पाणी एकदा पायवाटेवर चढले की दोन-तीन वर्षांत तिचा ओहोळ होतो. मग चालणारे कडेच्या गवतावरून जाऊ लागतात आणि एका वाटेच्या चार ढोरवाटा होतात. आल्प्समध्ये वितळणारा बर्फ तेच करतो. म्हणून वाटेला दरीच्या बाजूला किंचित उतार द्यावा, ठरावीक अंतरावर पाणी वाटेबाहेर वळवणारी दगडांची किंवा ओंडक्यांची तिरकी ओळ बसवावी आणि तिच्यापुढचा गाळ व पाचोळा दर वसंतात फावड्याने काढावा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे कोणी छायाचित्र काढत नाही आणि म्हणून नवे स्वयंसेवक ते टाळतात. तू टाळू नकोस. वळणे तोडून सरळ उतरणाऱ्या आडवाटांवर वाळक्या फांद्या आडव्या टाकायलाही विसरू नकोस. लोखंडी दोर आणि खुंट्या मात्र प्रशिक्षण पूर्ण झालेल्यांनीच हाताळाव्यात.

पुढे कधी बोस्नियात काम करण्याची संधी मिळाली, तर हेच सारे तिथे किती गंभीर होते ते तुला कळेल. १९९२ ते १९९५ च्या युद्धात पेरलेले भूसुरुंग तिथल्या काही डोंगरांत अजून आहेत आणि आखलेली वाट सोडू नका, असे तिथे चालणाऱ्यांना बजावले जाते. तो लाल-पांढरा ठिपका पाहून पाऊल टाकणारा माणूस आपला जीव त्या खुणेच्या भरवशावर ठेवतो. म्हणूनच अंदाजाने काढलेली खूण मला सहन होत नाही.

जूनमध्ये वाटा बर्फातून मोकळ्या झाल्या की पलीकडच्या पथकाशी खिंडीतली भेट ठरवून घे. तुमची शेवटची खूण आणि त्यांची पहिली खूण एकाच जागी उभे राहून दिसायला हवी. दिसत नसेल, तर रंगाचा डबा तिथेच उघडा आणि दोन्ही पथकांनी मिळून ती जागा पुरी करा.

तुझा,
एक जुना सोबती